रोलेक्सचा लूक हवाय, बजेट आठ हजार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये घड्याळांचे बरेच निघाले, म्हणून या अंकात फक्त घड्याळंच घेतोय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न: दादा, मी मूळचा सोलापूरचा, आता नोकरीला पुण्यात. कॉलेजपासून रोलेक्स सबमरीनर डोक्यात बसलंय, ते काळं डायल, काळी फिरणारी रिंग, स्टीलची चेन. खरं घ्यायची ऐपत आत्ता तरी नाही. माझं बजेट आठ हजारांपर्यंत आहे. रूममेट म्हणतो चल, एक गल्ली माहितीये, साडेतीन हजारात फर्स्ट कॉपी मिळेल, सेव्हन ए क्वालिटी, कुणाच्या बापाला कळणार नाही. घेऊ का? नाहीतर मग दुसरं काय घेऊ?

उत्तर: फर्स्ट कॉपी नको घेऊस मित्रा. सबमरीनर आवडणं यात काहीच गैर नाही, सत्तर वर्षं झाली तरी ते डिझाईन जुनं वाटत नाही, आवडणारच. पण तुझे साडेतीन हजार नेमके कशात जातात ते बघ. ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेव्हन ए’, ‘मास्टर क्वालिटी’ ही सगळी विकणाऱ्यांनी ठेवलेली नावं आहेत, त्याला कसलंही प्रमाण नाही, कुणी तपासत नाही, एका दुकानातलं सेव्हन ए शेजारच्या दुकानात साधं डुप्लिकेट म्हणून कमी पैशात मिळतं.

असलं एक घड्याळ मी दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलावर उघडलेलं बघितलंय. बाहेरून झकास, डायलवर मुकुट, तारखेवर भिंग, सगळं जिथल्या तिथे. काकांनी मागचं झाकण काढलं तर आत मशीन एवढंसं आणि केस, म्हणजे बाहेरची डबी, मोठी, मधली पोकळी भरायला पांढऱ्या प्लास्टिकची रिंग घातलेली. झाकणाखाली पाणी अडवायला रबरी वॉशर असतो ना, तो नव्हताच. चावीला आटे होते, पण ती घट्ट बसत नव्हती, नुसती फिरत राहायची. पावसाळ्यात पाणी शिरलं होतं आणि तारखेच्या चकतीवरचे आकडे पसरले होते. काका म्हणाले, मशीन नवीन टाकतो पण हे काटे त्याला बसतील याची खात्री नाही, आणि खर्च घड्याळाच्या निम्म्यावर जाईल. तुझे पैसे जातात ते वरच्या दिखाव्यात. आत काय घातलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तक्रार घेऊन गेलास तर तो ओळख दाखवेलच असं नाही.

आता दुसरी बाजू, जी ऐकून तुला बरं वाटेल. तुला जो लूक आवडतो तो एकट्या रोलेक्सचा नाहीच. काळं डायल, ठळक गोल खुणा, मिनिटांचे आकडे असलेली फिरणारी रिंग हे सगळं पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांच्या कामासाठी आलं. पाण्यात उतरताना रिंगवरची खूण मिनिट काट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ खाली आहोत ते एका नजरेत कळतं. रोलेक्सनं सबमरीनर १९५३ मध्ये आणलं, त्याच वर्षी ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्सही आलं आणि त्यालाही अशीच रिंग होती. पुढे सेको, सिटिझन, कासिओ, सगळ्यांनी या प्रकारची घड्याळं केली आणि ती स्वतःच्या नावानं विकली. माझं म्हणणं एवढंच आहे, दिसणं हवं ते घे, पण डायलवर ज्यानं बनवलंय त्याचंच नाव असू दे. मग त्याला गॅरंटी असते, मशीन माहितीचं असतं, सेल कुठेही बदलून मिळतो, आणि ऑफिसात कुणी विचारलं ‘कितीला घेतलंस रे’ तर खरा आकडा मोकळेपणानं सांगता येतो.

तुझ्या बजेटमध्ये पहिलं बघ कासिओ एमटीपी-व्हीडी०१, स्टीलच्या चेनमध्ये. चार हजारांच्या आसपास मिळतं, लांबून एकदम त्या वळणाचं दिसतं, क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं आहे, ५० मीटर पाण्याचं रेटिंग. पण पाण्यात वगैरे खरंच जाणार असशील तर कासिओ ड्युरो बघ, एमडीव्ही-१०६ किंवा १०७. २०० मीटर, आटे फिरवून घट्ट बसणारी स्क्रूची चावी, एकाच दिशेनं कटकट फिरणारी रिंग. जुन्या मॉडेलवर मार्लिन माशाचं चित्र असायचं म्हणून काही जण त्याला मार्लिनच म्हणतात. हे अंगानं मोठं आहे, ४४ मिलिमीटर, मनगट बारीक असेल तर ताटली बांधल्यासारखं दिसतं, त्यामुळे हातावर घालून बघितल्याशिवाय ऑनलाईन ऑर्डर टाकू नकोस. बहुतेक करून रबरी पट्ट्यात येतं, चेन हवी तर २२ मिलिमीटरची वेगळी घेऊन बसवता येते.

तिसरा रस्ता चिनी कंपन्यांचा, पागानी डिझाईन, स्टीलडाईव्ह वगैरे. हे लोक सबमरीनरची हुबेहूब ठेवण घेतात पण नाव स्वतःचं टाकतात. बऱ्याच मॉडेलमध्ये सॅफायर काच, सिरॅमिक रिंग आणि सेकोचं एनएच ३५ ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चावी भरणारं) मशीन असतं, जे चांगलं, दणकट मशीन आहे आणि दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीचं आहे. दिसण्याच्या बाबतीत तुला सगळ्यात जवळचं हेच वाटेल. पण बाहेरून मागवलंस तर कस्टम ड्युटी धरून हिशोब कर, बजेट ओलांडेल बहुतेक, आणि काही बिघडलं तर इथे सर्व्हिस सेंटर नाही. मला विचारशील तर पहिलं घड्याळ म्हणून मी कासिओच घ्यायला सांगेन, चिनी ऑटोमॅटिक दुसरं म्हणून घे, तोवर तुलाही काय बघायचं ते कळलेलं असेल.

क्वार्ट्झ म्हटलं की पोरांचा चेहरा पडतो, सेकंद काटा टक टक उडतो, रोलेक्ससारखा सरकत नाही म्हणून. रोलेक्सचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, एनएच ३५ चा सहा, क्वार्ट्झचा एकच, एवढाच तो फरक. पण वेळेचं बघितलं तर एनएच ३५ दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद इतकं चुकू शकतं, कंपनीच तसं सांगते, आणि साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद. रोज सकाळी बस पकडणाऱ्याला क्वार्ट्झच बरं.

दुकानात गेलास की घाई करू नकोस. रिंग फिरते का, फिरवून बारावर आणली की खूण बरोबर बारावर बसते का बघ. चेन जिथे केसला लागते तिथे फट आहे का, हलवलं तर खुळखुळते का. चेनची कडी भरीव आहे की पत्रा दुमडून केलीये ते कडेनं बघितलं की लगेच कळतं. चेनच्या एक-दोन कड्या काढून मनगटाच्या मापाची करून देतात, त्या काढलेल्या कड्या आणि पिना मागून घे, पुढे लागतात. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कासिओचीही डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत, जी-शॉकची तर विचारूच नकोस, म्हणून अधिकृत दुकानातून घे, बिल घे, गॅरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घे. अर्ध्या किमतीत ‘एकदम ओरिजिनल’ कुणी देत असेल तर तिथून निघ.

प्रश्न: माझ्या मेव्हण्याचं म्हणणं, फर्स्ट कॉपी काय आणि पागानी काय, दोन्ही चोरीच. मग एक बेकायदेशीर आणि एक चालतं असं कसं? आणि विकत घेणाऱ्याला खरंच काही होतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मेव्हण्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण कायदा दोन गोष्टी वेगळ्या धरतो. नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्क, तो दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही वर्षं टिकवता येतो. डिझाईनची नोंदणी मात्र आपल्याकडे डिझाईन कायदा २००० प्रमाणे १० वर्षं आणि वाढवून आणखी ५, म्हणजे जास्तीत जास्त १५ वर्षं. १९५३ सालच्या ठेवणीवर तसला हक्क आज कुठून असणार. म्हणून स्वतःच्या नावानं त्या धर्तीचं घड्याळ करता येतं, मात्र त्यावर मुकुट आणि रोलेक्स छापलं की ते बनवणं आणि विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे गुन्हा आहे, कलम १०३ आणि १०४, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. (आकारसुद्धा कधी कधी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेला असतो, तेव्हा हुबेहूब नक्कल करणाऱ्या कंपन्याही अगदी निर्धास्त नसतात, पण तो त्यांचा आणि वकिलांचा विषय.)

ही कलमं बनवणाऱ्या-विकणाऱ्यासाठी आहेत, स्वतःला घालायला एक घेतलं त्याच्यासाठी नाहीत. पण लोक चुकतात कुठे सांगतो, वर्षभर घालून कंटाळा आला की तेच घड्याळ जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायला टाकतात, आणि त्या क्षणी तुम्ही विकणारे झालात. वर समोरच्याला खरं म्हणून सांगितलंत तर फसवणूक वेगळी. बाहेरगावी फिरायला जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, इटली आणि फ्रान्समध्ये नकली माल विकत घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होऊ शकतो. तिथे रस्त्याकडेला चादरीवर मांडलेलं घड्याळ उचलायच्या भानगडीत पडू नका.

नैतिकदृष्ट्या मला काय वाटतं तेही सांगतो. सबमरीनरची तंतोतंत नक्कल, फक्त नाव वेगळं, हे मला फार आवडत नाही, पण त्यात गिऱ्हाईक फसत नाही, आपण काय घेतोय हे त्याला माहीत असतं. मी तरी तिथे रेष ओढतो.

प्रश्न: नमस्कार दादा. बाबा येत्या मे महिन्यात रिटायर होतायत, एसटीत आहेत. आयुष्यभर चावीचं एचएमटी वापरलं, नंतर साधं सोनाटा. त्यांना शेठ लोकांच्या हातात असतं तसं सोनेरी-स्टील मिक्स, वार आणि तारीखवालं घड्याळ फार आवडतं, बोलून दाखवत नाहीत पण टीव्हीवर दिसलं की बघत राहतात. ते रोलेक्सचं असतं हे मला आत्ता कळलं. दहा-बारा हजारात त्या धर्तीचं काय मिळेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुम्ही म्हणता ते दोन घड्याळांचं मिश्रण आहे. सोनेरी-स्टील मिक्स, कडेला खाचांची रिंग असलेलं ते डेटजस्ट, १९४५ पासूनचं. बाराच्या खाली अख्खा वार लिहिलेला असतो ते डे-डेट, १९५६ चं, आणि ते फक्त सोन्यात किंवा प्लॅटिनममध्येच येतं. बाबांना बहुतेक या दोन्हीतलं थोडं थोडं आवडतंय.

बाबांनी आयुष्यभर चावीचं घड्याळ वापरलंय, त्यामुळे मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा सेको ५ बघायला सांगेन. १९६३ पासून ही मालिका चालू आहे, ऑटोमॅटिक, एकाच खिडकीत वार आणि तारीख, जपानी मशीन. हात हलला की आपोआप चावी भरते, सेल नाही. सगळी मॉडेलं सगळीकडे मिळत नाहीत आणि काही बजेटच्या वर जातील, पण चौकशी नक्की करा. एकच अडचण, रिटायर झाल्यावर हाताची हालचाल कमी झाली, घड्याळ कपाटावर राहिलं, की ते दीड-पावणेदोन दिवसात बंद पडतं आणि मग वेळ, वार, तारीख सगळं परत लावत बसावं लागतं. काहींना ती रोजची सवय आवडते, काहींना जाम कटकट वाटते. बाबा कशातले ते तुम्हालाच माहीत. कटकट नको असेल तर टायटन, टाइमेक्स, सिटिझन यांच्याकडे सोनेरी-स्टील चेनमध्ये वार-तारीखवाली क्वार्ट्झ भरपूर आहेत आणि तुमच्या बजेटच्या आत आरामात बसतात.

सोनेरी रंगाचं मात्र नीट बघून घ्या. आपल्या हवेत घाम फार, स्वस्त मुलामा चेनच्या आतल्या बाजूनं आणि क्लॅस्पच्या (चेनच्या बकलच्या) कडांना आधी उडतो आणि खालचा पांढरट धातू दिसायला लागतो. मुलामा आयपी किंवा पीव्हीडी पद्धतीचा आहे का विचारा, तो जास्त टिकतो. आणि रात्री काढून ठेवताना मऊ कपड्यानं पुसायची सवय बाबांना लावा. डायल पांढरं किंवा शॅम्पेन रंगाचं घ्या, काटे त्याच्यावर उठून दिसायला हवेत, कारण सोनेरी डायलवर सोनेरी काटे दुकानातल्या लाईटमध्ये सुंदर दिसतात आणि घरी चष्मा शोधावा लागतो. चेनचं माप घ्यायला बाबांचं सध्याचं घड्याळ गुपचूप दुकानात घेऊन जा. आणि ते जुनं एचएमटी घरात असेल तर सर्व्हिसिंग करून त्याच्याच बरोबर द्या, तुमच्या कुठल्याही नव्या घड्याळापेक्षा ते आधी हातात घेतील.

प्रश्न: एचएमटीवरूनच विचारतो. ऑनलाईन एचएमटी जनता, पायलट दिसतात, डायल नवीकोरी, केशरी, निळी, हिरवी, हजार-दीड हजारात. इतकी जुनी घड्याळं इतकी चकाचक कशी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कारण बहुतेकांचं डायल नव्यानं रंगवलेलं असतं. एचएमटीनं घड्याळं १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं काढली, बंगळुरूला, आणि घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. जुना माल भंगारात, दुकानांत पडून होता, तो कारागीर गोळा करतात, मशीन साफ करतात, केस पॉलिश करतात आणि डायलवर नवा रंग आणि छपाई करतात. एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे असं पण चालतं. परदेशातले जुन्या घड्याळांचे शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्यांच्यापासून लांब राहतात, त्यात सेको ५ आणि फेवर लूबाची जुनी घड्याळंही येतात.

चालणारं, दिसायला छान चावीचं घड्याळ म्हणून हजारात घेत असाल तर घ्या, पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही, कारागिराचं काम असतं त्यात. जुनं अस्सल म्हणून घेत असाल तर फोटो मोठा करून बघा. अक्षरं जाडजूड, कडा फुटलेल्या, खुणा काट्यांच्या रेषेत नाहीत, असा भडक रंग जो कंपनीनं कधी काढलाच नव्हता, आणि केसच्या कडा इतक्या पॉलिश केलेल्या की कोपरेच गोल झालेत. डाग पडलेलं, पिवळट झालेलं मूळ डायल याच्यापेक्षा केव्हाही जास्त मोलाचं.

प्रश्न: रॉयल ओकसारखं अष्टकोनी हवंय, ऑडेमार पिगेचं असतं ते. पंधरा हजारांपर्यंत काय आहे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: पंधराच्या आत थेट कासिओ जीए-२१००. २०१९ मध्ये आलं तेव्हा आठ कोनांची रिंग बघून लोकांनीच त्याचं नाव ‘कासिओक’ ठेवलं. प्लास्टिकचं आहे पण हलकं, पातळ आणि २०० मीटर पाण्याला चालतं. धातूचंच हवं तर त्याचा स्टीलच्या रिंगचा भाऊ जीएम-२१०० आहे, तो बजेटला घासून जाईल.

पैसे साठवायची तयारी असेल तर टिसो पीआरएक्सपर्यंत थांबा. ते अष्टकोनी नाही, पण केसमधूनच चेन निघाल्यासारखी ती सत्तरच्या दशकातली ठेवण त्यात आहे, रॉयल ओक १९७२ चं आणि पीआरएक्स मुळात टिसोच्याच १९७८ च्या घड्याळावरून २०२१ मध्ये परत काढलेलं, म्हणजे कुणाची नक्कल म्हणायचंही कारण नाही. क्वार्ट्झ घेतलंत तरी फिनिशिंग हातात घेतल्यावर कळतं, चेनच्या कड्यांवरचे बारीक ओरखडे एका दिशेत आणि कडा तेवढ्या चकचकीत, ते बघण्यासाठी तरी एकदा शोरूममध्ये जा. सिटिझन त्सुयोसा पण त्याच रांगेतलं, ऑटोमॅटिक. अष्टकोनी रिंगवर आठ स्क्रू आणि वर ऑडेमार पिगेचं नाव असं काही तीन हजारात दिसलं तर त्याचं काय करायचं ते वर सोलापूरच्या मित्राला सांगितलंच आहे.

प्रश्न: घड्याळावर ३० मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय. तारकर्लीला स्नॉर्केलिंगला घालून गेलो तर चालेल ना? ३० मीटर खोल तर आपण जातच नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नाही चालणार. तो आकडा कारखान्यातल्या चाचणीतल्या दाबाचा आहे, तेवढ्या खोल जायची परवानगी नाही. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे चार थेंब. ५० वर हळू पोहता येतं, समुद्रात जायचं तर किमान १०० आणि चावी स्क्रूची असेल तर उत्तम, स्कूबा करायचं तर २०० आणि डायव्हर्स असं लिहिलेलं. पाण्यात असताना चावी ओढू नका, बटणं दाबू नका. वर आलात की गोड्या पाण्यानं धुवा, रिंग चार वेळा फिरवून खालचं मीठ निघू द्या. आणि सेल बदलताना मागचं झाकण उघडलं की वॉशर नवीन घालायला सांगा, प्रेशर टेस्टची सोय असेल तर तीही करून घ्या, २०० मीटरचं घड्याळसुद्धा वॉशर वाकडा बसला तर बादलीत पाणी पितं.